अंगाने खेळायच्या नाटकाची ऑडिशन: डिचोलीच्या एका शिक्षिकेला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. डिचोली तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षिकेने विचारलंय, वय ३८. गावातलं हौशी मंडळ यंदा जत्रेला नेहमीच्या रडक्या सामाजिक नाटकाऐवजी फार्स बसवतंय. धावपळ, दारांची आपटाआपट, एकमेकांच्या अंगावर कोसळणं, असा सगळा मामला. आठ दिवसांनी देवळाच्या सभामंडपात ऑडिशन आहे. ‘अंगाने खेळायचं नाटक आहे, सैल कपडे घालून या’ एवढाच निरोप आलाय. शाळेच्या स्नेहसंमेलनापलीकडे अनुभव नाही, अंग जड आहे, उजवा गुडघा कुरकुरतो. त्या विचारतात, काय पाठ करून जाऊ? आणि कोणी हसलंच नाही तर?

ताई, पाठ करून काही जाऊ नका. विनोदी प्रवेश बसवून तर मुळीच नको. कारण सांगतो, पण त्यासाठी माझी फजिती आधी सांगावी लागेल.

बावीस वर्षांचा असताना फोंडा भागातल्या एका मंडळात मी अशाच निवडीला गेलो होतो. पाच मिनिटांत दारुडा, तोतरा, म्हातारा असे तिघे करून दाखवले आणि शेवटी ओल्या फरशीवरून पाय घसरून पडलो. बाकांवर बसलेली मंडळी खो खो हसली. मी मनात पहिली भूमिका घेऊनही टाकली. तेवढ्यात दिग्दर्शक म्हणाले, ते पडणं परत कर. केलं. पुन्हा एकदा. केलं. तिसऱ्या वेळी माझी टाच बाकाला लागली आणि बाकावरची रॉकेलची चिमणी कलंडली. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “तीनदां पडलो, तिनूय खेपे वेगळो. तुज्या वांगड्यान खंय उबें रावप?” म्हणजे, तीनदा पडलास, तिन्ही वेळा वेगळा; तुझ्या जोडीदाराने उभं कुठे राहायचं? भूमिका मिळाली नाही. हातात प्रॉम्प्टिंगची, म्हणजे विंगेतून नटांना संवाद आठवून द्यायची, वही मिळाली.

तो प्रश्न मला पुढे स्वतः दिग्दर्शन करायला लागल्यावर कळला. जो पडतो तो एकटा पडत नसतो. त्याच्या मागे कुणी चहाचा ट्रे घेऊन येत असतं, कुणी त्याच क्षणी दार उघडत असतं, पडद्यामागे कुणी भांडी आपटायला टपलेलं असतं. तुम्ही दर वेळी त्याच ठिकाणी, त्याच बाजूला, त्याच वेगाने पडलात तरच ते सगळे निर्धास्त असतात. म्हणून ऑडिशनला मी आता गंमत किती आली हे दुसऱ्या क्रमांकावर बघतो. पहिल्यांदा बघतो ते हे: या माणसाने एकदा केलेलं जसंच्या तसं परत करता येतं का, आणि याच्या शेजारी उभं राहताना दुसऱ्याला भीती वाटते का. तुमच्या मंडळाचा दिग्दर्शक थोडा जरी अनुभवी असेल, तर तोही हेच बघणार.

प्रॉम्प्टिंगच्या वहीने मला आणखी एक शिकवलं. विंगेत बसल्यावर संवाद पाठच असतात, मग कान प्रेक्षकांकडे लागतात. माझी समजूत होती की माणूस पडला की हशा येतो. तसं नव्हतं. आमच्या त्या नाटकात गड्याच्या हातात कपबश्यांचा ट्रे होता आणि वाटेत पाणी सांडलेलं. त्याला ते पाणी दिसायचं तेव्हा पहिला हशा. तो ट्रेकडे बघायचा, पाण्याकडे बघायचा, पलीकडे बसलेल्या मालकिणीकडे बघायचा आणि ‘जमेल’ असं ठरवून पाय उचलायचा, तिथे दुसरा, सगळ्यात मोठा. प्रत्यक्ष पडल्यावर जो यायचा तो नुसता आवाज. एका प्रयोगात त्या नटाने घाईने बघणं गाळलं आणि तो सरळ जाऊन पडला. लोक हसले नाहीत, पुढच्या रांगेतली एक आजी ‘अगे माये’ म्हणून उभी राहिली.

म्हणजे तुम्हाला तयारी करायची असेल तर ती बघण्याची आणि थांबण्याची करा. दिसलं, कळलं, ठरवलं, मग केलं. या चार गोष्टींमध्ये हवा ठेवा. नवखा माणूस चारही एकदम करतो, कारण थांबलो तर लोकांना वाटेल की हा संवाद विसरला, अशी त्याला धास्ती असते. थांबताना डोक्यात काही चालू असेल तर तसं कुणालाच वाटत नाही.

आता डोक्यात काय चालू असावं? पात्राला काहीतरी हवं असावं. विनोदी नटाला ‘हसवायचं’ असतं, पण पात्राला हसवायचं नसतं. पात्राला ट्रे मालकिणीपर्यंत न्यायचा असतो. पेडण्याकडे जत्रांना दशावतार बघितला असेल तर संकासूर आठवा. काळा पोशाख, विचित्र उड्या, आडदशावताराच्या, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या, भागात तोच सगळ्यांत जास्त हसवून जातो. पण कथेत तो वेद पळवणारा दैत्य आहे आणि आपल्या पराक्रमावर त्याचा पुरता विश्वास असतो. त्या विश्वासामुळेच त्याची प्रत्येक उडी हास्यास्पद होते. संस्कृत नाटकातला विदूषक घ्या. वाकडी काठी हातात, रूप बेंगरूळ, आणि मन सदा मोदकांत. त्यालाही काहीतरी हवं आहे. कुणीही उगाच वेडंवाकडं चालत नाही.

ऑडिशनला प्रत्यक्ष काय करायला लावतील? दिग्दर्शकागणिक फरक पडतो, पण बहुतेक जण फिरून फिरून त्याच काही गोष्टी देतात. खुर्ची ठेवतील आणि म्हणतील, आत या, बसा. बस्स. इथे निम्मे लोक खुर्चीवरून पडून दाखवतात. तुम्ही साध्या येऊन बसा. मग ते म्हणतील, आता खुर्ची गरम आहे असं समजा. मग, ती गरम आहे हे समोरच्या पाहुण्यांना कळू द्यायचं नाही. इथे खरी परीक्षा सुरू होते, आणि लपवण्यात जितका जीव ओताल तितकं ते खुलतं. दारुड्याचंही तेच. झिंगून दाखवू नका. प्यालेला माणूस आपण प्यालेलो नाही हे दाखवायला किती काळजीपूर्वक चालतो ते दाखवा. खरं तर दारुडा टाळलेलाच बरा. गोव्यात दारुड्याचे प्रवेश बघून बघून प्रेक्षक आणि परीक्षक दोघेही किटले आहेत. तोतरेपणा, लंगडणं, बहिरेपणा यांच्या नकलाही घरी ठेवा. त्यात कष्ट कमी असतात आणि मंडपात बसलेल्या कुणाच्या तरी घरचं ते दुःख असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे जोडीने खेळणं. समोरासमोर उभं करून आरशासारखं एकमेकांचं करायला सांगतील, किंवा एक न दिसणारा जड पेटारा दोघांनी उचलायला सांगतील. पेटाऱ्यात सगळे पहिल्यांदा एकच चूक करतात. उचलताना ओझं असतं, चार पावलांवर ते हवेत विरतं, आणि दोघांच्या हातांमधलं अंतर मनाला येईल तसं कमी-जास्त होतं. हात जिथे ठेवलेत तिथेच ठेवा, वजन मांड्यांत आणि पाठीत ठेवा, आणि डोळे जोडीदारावर. जोडीदाराने चूक केली, पेटारा मध्येच खाली ठेवला, तर तुम्हीही ठेवा आणि त्याच्याकडे बघा. त्याला दुरुस्त करायला जाऊ नका. माझ्या अनुभवात इथे चांगले बोलणारे नट हमखास मागे पडतात. आपल्याकडे अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार मानले आहेत, पण उत्सवी रंगभूमीवर वाचिकाचा इतका दबदबा आहे की खणखणीत पल्लेदार आवाज असला की माणूस नट झालाच! हाताचं काय करायचं हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

तिसरी गोष्ट, संवाद वाचताना एखादी कृती. चष्मा शोधत वाचा, साडीला पिन लावत वाचा. कृती खरी करा, वाक्यं मध्ये मध्ये अडकली तर अडकू द्या.

पडायला लावलंच तर? पहिल्याच भेटीत कुणी धडाधड पडायला लावत असेल तर तो दिग्दर्शक कच्चा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण पडण्याची रीत माहीत असलेली बरी. उभ्याने आडवं व्हायचं नसतं, आधी खाली जायचं असतं. गुडघे वाकवून, कंबर खाली आणून, जमिनीपासूनचं अंतर आधी कमी करायचं. मग एका बाजूला मांडीचा मांसल भाग टेकतो, मग कुल्ला, मग बरगडीची बाजू, मग खांदा. श्वास बाहेर सोडत जायचं, रोखून धरलेल्या श्वासाने अंग लाकडासारखं होतं. गुडघ्याची वाटी, कोपर, मनगट आणि माकडहाड यांच्यावर कधीही नाही. मागे पडताना हनुवटी छातीला चिकटलेली हवी, म्हणजे डोकं आपटत नाही. हात मागे टेकवून स्वतःला सावरण्याचा मोह सगळ्यांना होतो आणि मनगटं तिथेच जातात. घरी गादीवर, हळू, एवढं हळू की सात-आठ सेकंद लागावेत, असं करून बघा. मात्र तुमचा गुडघा कुरकुरतो म्हणालात, तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवा. त्यांनी हरकत नाही म्हटलं तर डाव्या बाजूने, आणि तेही थोडंच.

पडण्यापेक्षा तुमच्या कामाचं आहे ते अडखळणं. मागचा पाय पुढे आणताना त्याचा चवडा पुढच्या पायाच्या टाचेला मागून हलका अडकवायचा, अंग अर्धं पाऊल पुढे जातं, तोल सावरायचा. झालं. मग मागे वळून जमिनीकडे बघायचं, तिथे काहीच नाही, आणि कुणी पाहिलं का ते बघायचं. गुडघ्यावर भार जवळपास नाही, आणि नीट केलं तर याला पडण्याइतकाच हशा येतो. दारावर आपटायचं असेल तर आवाज पायाने किंवा तळहाताने दाराच्या प्रेक्षकांना न दिसणाऱ्या भागावर काढायचा आणि त्याच क्षणी डोकं मागे न्यायचं. नाक दारापर्यंत पोचतच नाही.

थोबाडीत मारण्याचंही असंच आहे. हात चेहऱ्यापुढून वीतभर अंतर ठेवून जातो, आणि ‘फाट्’ हा आवाज बऱ्याचदा मार खाणाराच प्रेक्षकांच्या नजरेआड स्वतःच्या हातांनी काढतो. केस ओढताना ओढणाऱ्याची मूठ मार खाणाऱ्याने दोन्ही हातांनी स्वतःच्या डोक्यावर दाबून धरायची, म्हणजे ओढतंय कोण आणि नेतंय कोण हे त्याच्याच ताब्यात राहतं. सगळ्या खोट्या मारामारीचा कायदा हाच, गाडी मार खाणारा चालवतो. मारण्याआधी डोळ्याला डोळा भिडला पाहिजे. भिडला नाही तर हात उचलायचा नाही, मग प्रवेशाचं काही का होईना. इटलीत सोळाव्या शतकापासून चालत आलेल्या मुखवट्यांच्या विनोदी नाटकात यासाठी एक खास काठी असे. दोन पातळ फळ्या टोकाला मोकळ्या ठेवून बांधलेल्या. हलकीच मारली तरी फळ्या एकमेकींवर आपटून मोठा आवाज व्हायचा, लागायचं काही नाही. इंग्रजीत धडपडीच्या विनोदाला जे ‘स्लॅपस्टिक’ नाव पडलं ते त्या काठीवरूनच. आवाज मोठा आणि इजा शून्य, हा त्या धंद्याचा जुना करार आहे.

आपल्याकडे तो करार फार सहज मोडतो, म्हणून थोडं लांबवतो. ‘खऱ्याखुऱ्या मारल्याशिवाय मजा येत नाही’ असं म्हणणारा एक तरी शूर प्रत्येक मंडळात असतो. मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटन, त्याच्यासारखा लहानपणापासून रंगमंचावर आपटत वाढलेला माणूस, त्याच्याही मानेचं हाड १९२४ च्या एका चित्रपटाच्या वेळी पाण्याच्या लोटाखाली मोडलं होतं आणि ते त्याला कळलं कित्येक वर्षांनी, दुसऱ्याच कारणासाठी तपासणी झाली तेव्हा. माझं कोपर तर त्याहून साध्या गोष्टीने गेलं. मंडपात दुपारी पूजा झाली होती, समईचं तेल फरशीवर ओघळलं होतं, वर सतरंजी टाकली होती. पाय गेला तो नाटकात नव्हताच, मी नुसता एन्ट्री घेत होतो. लोक हसले बरं का. मी उरलेला अंक डावा हात खिशात घालून केला आणि एकाने नंतर सांगितलं, खिशात हात घालायची लकब फार आवडली.

तेव्हा ऑडिशनच्या दिवशी अर्धा तास आधी पोचा आणि जिथे खेळायचं ती जागा अनवाणी चालून बघा. तेल, मेण, फुलांच्या पाकळ्या, फरशीची उंचसखल सांध. आपल्या दमट हवेत दहा माणसं तासभर धावली की घामानेच फरशी निसरडी होते, म्हणून हाताशी एक कोरडं फडकं ठेवा. कपडे सलवार-कमीज किंवा ट्रॅक पँट, ओढणी नको, काचेच्या बांगड्या, पैंजण, लोंबते कानातले काढून ठेवा, केस घट्ट. मोजे घालून फरशीवर उतरू नका. एक जुनी साडी पिशवीत असू द्या. फार्समधली बाई बहुधा साडीतच धावणार आहे, आणि निऱ्या पायात न अडकवता धावता येतं हे तुम्ही दाखवलंत तर निम्मं काम झालं. वर्गात चाळीस मुलांमागे साडीत धावणाऱ्या बाईला हे वेगळं शिकवायला नको.

गुडघ्याचं आधीच सांगा. लपवू नका आणि रडगाणंही गाऊ नका. ‘उजव्या गुडघ्यावर बसता येत नाही, बाकी सगळं करीन’, एवढं एक वाक्य. मी हे वाक्य ऐकतो तेव्हा त्या माणसाबद्दल माझं मत चांगलंच होतं, कारण तालमीत चौथ्या आठवड्याला हे कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

जड अंगाबद्दल एकच. तुमच्या जाडीवर विनोद करायचा बेत दिसला तर तो तुम्हाला मान्य आहे का, हे तुमचं तुम्ही ठरवा आणि तिथेच बोला. विनोदी नटाला वजन अडचणीचं नसतं, वजन कुठे आहे ते माहीत नसणं अडचणीचं असतं. भारी अंगाची बाई दबक्या पावलांनी, अजिबात आवाज न करता रंगमंच ओलांडून गेली तर त्यात जी गंमत आहे, ती सडपातळ मुलीने कोलांटी मारून येत नाही.

या आठ दिवसांत रोज वीस मिनिटं द्या. छत्री घ्या. पावसातून घरात येणं, छत्री मिटणं, ती न मिटणं, पाहुण्यांसमोर ती न मिटणं. मोबाईल खिडकीत ठेवून चित्रित करा आणि आवाज बंद करून बघा. काय चाललंय ते आवाजाशिवाय कळलं पाहिजे. मग तेच तीनदा करा, आणि तिन्ही चित्रणं एकामागून एक बघा. छत्री तिन्ही वेळा त्याच जागी अडकते का? पहिले तीन दिवस नाही अडकणार. पाचव्या दिवशी तुम्हालाच कंटाळा येईल, आणि तो आल्यावरही ते ताजं वाटलं पाहिजे. जमलं तर एखादा तियात्र, म्हणजे गाण्यांचं कोंकणी नाटक, बघून या, मडगावच्या रवींद्र भवनात सहसा काहीतरी चालूच असतं. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत पहिला तियात्र झाला, तेव्हापासून हे नट तिकीट काढून आलेल्या लोकांना रोज रात्री हसवत आलेत. आपण मराठी नाटकवाले त्यांच्याकडे उगाच नाक मुरडतो. हशा उसळल्यावर विनोदी नट पुढचं वाक्य कुठे टाकतो तेवढंच टिपा. हशा शिगेला असताना नाही, पुरता विरल्यावरही नाही, उतरायला लागला की.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कोणी हसलंच नाही तर. ऑडिशनला बहुधा हसत नाहीतच. समोर बसलेली चार माणसं वहीत लिहीत असतात, एकाचा फोन वाजतो, बाकीचे उमेदवार आपली पाळी कधी येते या काळजीत असतात. त्यांनी हसावं म्हणून तुम्ही आणखी जोर लावलात की सगळं बिघडतं; आवाज चढतो, भुवया नाचायला लागतात. हसले नाहीत तर जे करताय ते त्याच वेगाने पुरं करा. उलट ते फार हसले, तर मात्र सावध राहा आणि माझी कलंडलेली चिमणी आठवा.

दिग्दर्शकाने मध्येच थांबवून ‘आता असं करून बघा’ म्हटलं तर ती चूक काढली असं समजू नका, ती चांगली खूण आहे. ज्याला नाकारायचं ठरलंय त्याला कुणी सूचना देत बसत नाही. सांगितलेलं पूर्ण करून बघा, पटलं नाही तरी. आणि शेवटी तुम्हीही विचारा, तालमी किती आठवडे, रोज किती वाजेपर्यंत, प्रयोग मंडपात की बाहेर फळ्यांच्या रंगमंचावर, दारं खरी असतील की कापडी. दारांचा फार्स कापडी दारांवर बसत नाही. खरी दारं शेवटच्या दोन दिवसांत येणार असतील तर नाटक पहिल्या प्रयोगाला गडगडणार हे मी आत्ताच लिहून देतो.

आणि नाही निवड झाली, तर प्रॉम्प्टिंग मागून घ्या. बहुतेक मंडळांत ते काम कुणाला नको असतं, आनंदाने देतील. पेन नको, पेन्सिल घ्या. प्रत्येक तालमीला जिथे हशा येतो तिथे समासात एक टिंब द्या, आणि जिथे कालपर्यंत यायचा पण आज आला नाही तिथे फुली. फुलीच्या जागी त्या नटाने आज काय गाळलं ते शोधा.